आयर्न चालू आहे, तरी रक्त का वाढत नाही?

पत्र : माझी आई ६३ वर्षांची आहे. मधुमेह जुना, ब्लडप्रेशरही आहे. तीन वर्षांपूर्वी किडनीचं काम कमी झाल्याचं कळलं. परवाच्या रिपोर्टात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, २४ आणि हिमोग्लोबिन ८.४ आलं. पाच महिने आयर्नची गोळी न चुकता चालू आहे, पण एचबी तसूभरही वाढलेलं नाही. आता डॉक्टर रक्तवाढीचं इंजेक्शन सुचवतात. आईचं म्हणणं, 'एकदा सुई मागे लागली की पुढे डायलिसिसच.' भावाने कुठेतरी वाचलंय की त्या इंजेक्शनाने पक्षाघात होतो. त्यापेक्षा रक्ताच्या दोन बाटल्या चढवून मोकळं व्हावं, असं तो म्हणतो. त्यात डॉक्टर म्हणाले, एचबी ११ च्या आसपास आणून थांबायचं. बायकांचं नॉर्मल १२ ना? मग अर्धवट उपचार कशाला? वहिनीला वाटतं आई हल्ली आळस करते. आणि पुढच्या महिन्यात आईला चार दिवस माझ्या धाकट्या बहिणीकडे जायचंय, रात्रभराचा प्रवास आहे. नेऊ की नको? — एक लेक

उत्तर : ताई, वहिनींपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांना औषध आहे, हा मात्र घरातच सोडवावा लागेल. ८.४ हिमोग्लोबिनवर वावरणारी बाई आळस करत नसते. पण वहिनींचाही सगळा दोष नाही. किडनीच्या आजारात रक्त महिनोन्महिने हळूहळू उतरतं, शरीर त्याच्याशी जुळवून घेत जातं आणि माणूस स्वतःच्याही नकळत एकेक काम सोडून देतं. म्हणून 'थकवा येतो का?' असं विचारलं की हमखास उत्तर येतं, 'छे, वय झालं आता.' मी तपासताना तो प्रश्न विचारतच नाही. विचारते, 'गेल्या वर्षी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?' मग सोबत आलेली लेक किंवा सून बोलायला लागते. अंघोळ आता स्टुलावर बसून होते. केस विंचरताना मध्येच हात खाली टेकवावा लागतो. जिन्याच्या वळणावर काहीतरी निमित्त काढून उभं राहणं सुरू झालंय. कुणाला सारखा बर्फ चघळावासा वाटतो, ती तर लोह कमी पडल्याची जुनी खूण. इतरांना उकडत असताना थंडी वाजणं, रात्री पाय स्वस्थ न राहणं, बोलता बोलता साधा शब्द न आठवणं, यातलं काय काय दिसतं ते वहिनींनाच आठवडाभर टिपून ठेवायला सांगा. डॉक्टरांनाही त्या कागदाचा उपयोग होईल.

आता रक्त का उतरतं ते. किडनी लघवी तयार करते, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण तिच्यातल्या काही पेशींचं काम वेगळंच आहे. पुरेसा ऑक्सिजन पोचतोय की नाही यावर त्या नजर ठेवतात, आणि कमी पडला की एरिथ्रोपोएटिन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. हे हॉर्मोन अस्थिमज्जेत पोचलं की तिथे लाल पेशी जोमाने तयार व्हायला लागतात. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यातलं जवळजवळ ९० टक्के किडनीतूनच येतं, उरलेलं मुख्यतः यकृतातून. आजारात किडनीवर व्रण धरत गेले की या पेशी आपलं मूळ काम विसरतात. एचबी ८ वर आलं तरी, निरोगी किडनीने जेवढं हॉर्मोन सोडलं असतं त्याच्या आसपासही त्या जात नाहीत. शिवाय एरवी १२० दिवस टिकणारी लाल पेशी किडनीच्या रुग्णांत लवकर मरते. म्हणजे तयार होणं कमी आणि मोडणं जास्त. ईजीएफआर ६० च्या खाली गेला की कुठेकुठे रक्त कमी दिसू लागतं, ३० च्या खाली ते बऱ्याच जणांत सापडतं, आणि मधुमेह असेल तर आणखी लवकर. आईंचा २४ आहे. तेव्हा यात नवल काही नाही, आणि त्यांच्या खाण्यापिण्यात काही चुकलं म्हणून हे झालं असंही नाही.

मग पाच महिन्यांच्या गोळ्या गेल्या कुठे? एक तर हॉर्मोनच कमी असेल तर नुसत्या लोहाने फारसं भागत नाही. दुसरं कारण हेप्सिडिन. यकृत हा पदार्थ तयार करतं. शरीरात दाह असला की तो वाढतो, आणि किडनी मंदावली की त्याचा निचराही नीट होत नाही. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह रक्तात उतरत नाही आणि साठ्यातलंही बाहेर पडत नाही. कोठारात धान्य आहे पण दाराला कुलूप, अशी गत होते. साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी मग झकास येते आणि अस्थिमज्जा मात्र उपाशी.

तुमच्या पत्रात फेरिटिनचा आणि टीसॅटचा, म्हणजे ट्रान्स्फरिन सॅच्युरेशनचा, आकडा कुठेच नाही. माझ्या मते आख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची उणीव हीच. टीसॅट म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर प्रत्यक्षात किती लोह चढलंय त्याची टक्केवारी. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णात टीसॅट २० टक्क्यांच्या आत आणि फेरिटिन १०० च्या आत असेल तर लोह खरोखरच संपलंय असं धरतात. हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्यावर, असलेल्यांत फेरिटिनची ही रेघ २०० वर ओढतात. आणि फेरिटिन २००-३०० असून टीसॅट १५ असेल तर? रिपोर्टवर फेरिटिनपुढे 'नॉर्मल' छापलेलं असेल, पण ते कुलूपवालं प्रकरण असू शकतं. तिथेही लोह देऊन पाहण्यात अर्थ असतो. एकट्या फेरिटिनवर भरवसा ठेवू नका. साधा ताप, पायाची जखम, दाताचा संसर्ग यानेही ते फुगतं.

गोळी कशी घेतली जाते हेही एकदा बघा. कॅल्शियमची किंवा फॉस्फरस कमी करणारी गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध आणि आयर्न असं सगळं एकाच घोटात जात असेल तर लोह शोषलं जाणार कसं? त्यांच्यात काही तासांचं अंतर लागतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तीसुद्धा आयर्नपासून लांब. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल वर्षानुवर्षं सवयीने चालू असेल तर ती अजून लागते का, हे विचारून घ्या. एवढं करूनही टीसॅट हलत नसेल तर गोळ्यांच्या मागे आणखी पाच महिने घालवण्यात हशील नाही. लोह शिरेतून द्यावं लागतं, ज्याला आपण आयर्नचं सलाइन म्हणतो. ते दवाखान्यातच घ्यायचं आणि संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित कुणाला अ‍ॅलर्जी येते. ताप किंवा संसर्ग चालू असेल तर आधी तो निवळू द्यायचा.

सलाइनचं निघालंच आहे तर एक सांगते, जे बऱ्याच घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. आईंच्या हातांच्या शिरा जपा. पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच तर फिस्तुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता हातातली शीर धमनीला जोडण्यासाठी, चांगली शीर लागते, आणि तोवर कोपराच्या घडीत आणि मनगटाशी सुया टोचून टोचून ती निकामी झालेली असते. रक्त काढायचं असो की सलाइन लावायचं असो, आईंनी हात पुढे करताना तळहाताच्या मागची बाजू पुढे करायची आणि 'किडनीचा पेशंट आहे, इथूनच घ्या' असं सांगायचं. नर्सला जरा कटकट होते. होऊ दे.

इंजेक्शन सुरू करण्याआधी आणखी काही गोष्टी पाहून घेतल्या जातील, निदान जायला हव्यात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं असेल तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं. गुडघेदुखीच्या गोळ्या आई अधूनमधून घेतात का? त्या किडनीला वाईटच, वर जठरातून नकळत रक्त जाऊ शकतं. आयर्नच्या गोळीने शौचाला काळं होतं हे खरं, पण ते डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि घाण वासाचं असेल तर गोळीवर ढकलून गप्प बसू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्त किडनीच्या मानाने फारच कमी असेल किंवा पांढऱ्या पेशी-प्लेटलेटही घसरल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आता तुमच्या भावाचं वाचन. त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. हे इंजेक्शन म्हणजे किडनीने बनवायचं तेच हॉर्मोन किंवा त्याचं जास्त दिवस टिकणारं रूप. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याआधी डायलिसिसचे कितीतरी रुग्ण बाहेरच्या रक्तावरच दिवस काढायचे. औषधाचा गुण इतका दिसला की पुढे साहजिकच वाटलं, एचबी १०-११ वर का ठेवायचं, निरोगी माणसासारखं १३ वर नेऊ. म्हणजे तुम्ही विचारलंत तेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत एचबी जास्त वर नेण्याचा हृदयाला फायदा दिसला नाही. एकात तर त्रास वाढला. मग २००९ मध्ये ट्रीट नावाचा अभ्यास आला. त्यात आईंसारखेच मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले, डायलिसिसवर नसलेले ४,०३८ रुग्ण होते. निम्म्यांना इंजेक्शन देऊन एचबी १३ पर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. उरलेल्यांना नुसतं पाणी टोचलं, आणि एचबी ९ च्या खाली गेलं तरच खरं औषध दिलं. पहिल्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात ५३ जणांना. जवळजवळ दुप्पट.

भावाने वाचलं ते हेच असणार. पण त्या अभ्यासात एचबी १३ वर नेत होते, हे त्यांच्या वाचनातून निसटलं. डॉक्टर ११ च्या आसपास थांबतो म्हणतात ते त्यामुळेच. इंजेक्शन चालू असताना साधारण १० ते ११.५ यांच्यामध्ये राहायचं, ११.५ च्या वर मुद्दाम न्यायचं नाही आणि १३ तर गाठायचंच नाही, असा आज सर्वसाधारण रिवाज आहे. पायऱ्या चढणं, झोप, डोकं चालणं या बाबतीत रुग्णाला जो फरक जाणवतो तो बहुतेक ८ वरून १० वर जाताना जाणवतो; १०.५ वरून १२.५ वर गेल्याने तेवढा जाणवत नाही, धोका मात्र वाढतो. त्यामुळे याला अर्धवट उपचार म्हणू नका. आणि एखाद्या महिन्यात एचबी ११.८ आल्यावर डॉक्टरांनी डोस कमी केला तर 'आता कुठे वाढत होतं' म्हणून भांडूही नका. वाढीचा वेगही ते बघतात. दोन आठवड्यांत एक ग्रॅमहून जास्त चढलं तर डोस खाली आणतात.

पण एक प्रश्न भावानेच डॉक्टरांना विचारावा, कारण काळजी त्यांची रास्त आहे: आईंना पूर्वी कधी पक्षाघात, पायात रक्ताची गुठळी किंवा कुठलाही कॅन्सर झालेला आहे का? झाला असेल आणि आताच्या डॉक्टरांना ते माहीत नसेल तर इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं. अशा रुग्णांत हे औषध फार हात राखून वापरतात, कधी देतच नाहीत.

दुसरी अट ब्लडप्रेशरची. या औषधाने बीपी चढतं. ते आधी आटोक्यात आणायचं, मग पहिली सुई. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरी रोज मोजून वहीत लिहा, एचबीही महिन्याला एकदा तपासलं जाईल. इंजेक्शन पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात, बारीक सुई असते, इन्सुलिन घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की फेकायचं. आणि हलवायचं नाही. खोकल्याच्या औषधासारखं खळाळून घ्यायची लोकांना सवय असते, त्याने हे बिघडतं. फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. लोह अपुरं असेल तर तेवढ्यातही दिसत नाही, डोस वाढवून फुकट जातो. म्हणून आधी टीसॅट.

रक्ताच्या बाटल्यांचं म्हणाल तर जीव घाबरा होतोय, छातीत दुखतंय, रक्तस्राव चालू आहे, अशा वेळी रक्त चढवावंच लागतं आणि तिथे कुणी वाद घालू नये. एरवी नको. बाहेरच्या रक्ताशी ओळख झाली की शरीर त्यातल्या परक्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी बनवून ठेवतं, आणि उद्या किडनी प्रत्यारोपणाचा विचार झाला तर जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. आईंच्या वयात प्रत्यारोपण होतच नाही असं धरून चालू नका. शिवाय चढवलेलं रक्त काही आठवड्यांत संपतं आणि हॉर्मोनचा तुटवडा होता तिथेच राहतो.

सुईचीच भीती असेल तर गोळ्याही निघाल्या आहेत. डेसिडुस्टॅट, रॉक्साडुस्टॅट, डॅप्रोडुस्टॅट ही त्यांची नावं. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कळते कशी, याचा छडा लावणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. या गोळ्या त्याच वाटेने काम करतात. ऑक्सिजन कमी पडलाय असं शरीराला भासवतात, मग ते स्वतःचंच एरिथ्रोपोएटिन वाढवतं. पण गुठळ्यांची आणि पक्षाघाताची काळजी इथेही आहेच, आणि इंजेक्शनचा अनुभव कितीतरी जास्त वर्षांचा. गोळी म्हणजे सौम्य, अशी समजूत करून घेऊन मागू नका.

आता आईंची भीती. सुई आणि डायलिसिस यांची जोडी त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेली असणार, आणि त्यांनी पाहिलं ते खरंही आहे. किडनी जसजशी मंदावते तसं आधी रक्त उतरतं, म्हणून इंजेक्शन आधी येतं. पुढे काहींना डायलिसिस लागतं. इंजेक्शनामुळे ते लागत नाही. डायलिसिस कधी हे पोटॅशियम, अंगावरचं पाणी, भूक-मळमळ, रक्तातलं आम्ल यावर ठरतं, आणि आईंच्या २४ ईजीएफआरला कदाचित अजून बराच अवकाश असेल. हे इंजेक्शन किडनी सुधारतही नाही, तेही स्पष्ट सांगा, नाहीतर चार महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तेवढंच पाहून त्या म्हणतील, 'उपयोग काय झाला?' रक्त कमी असताना ऑक्सिजन पुरवण्यासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं, वर्षानुवर्षं तसं राहिलं की त्याची भिंत जाड होते. त्यांना समजवायचं तर मी किडनीचं नाव न काढता हृदयाबद्दल आणि जिन्याबद्दल बोलेन.

रक्त वाढावं म्हणून घरात रस आणि पालेभाज्यांचा मारा चालू असेल तर थांबवा. या ईजीएफआरला पोटॅशियम चढू शकतं आणि ते हृदयाचे ठोके बिघडवतं. पोटॅशियमचा आकडा बघून आहारतज्ज्ञ सांगतील तेवढंच. घटक नीट लिहिलेले नाहीत अशी रक्तवाढीची चूर्णं-टॉनिकं तर नकोतच.

मधुमेहाबाबत एक गंमत होईल, सावध राहा. लोह आणि इंजेक्शन सुरू झालं की दोन-तीन महिन्यांनी आईंची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, छान खाली आलेली दिसेल. त्या खूश होतील. साखर सुधारली म्हणून ती उतरलेली नसते. रक्तात नव्या, कोवळ्या लाल पेशी आल्या, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. तेवढे महिने बोटाच्या टोकाच्या रक्ताची रोजची साखर खरी धरायची, एचबीए१सी पाहून इन्सुलिन हलवायचं नाही.

राहिला प्रवास. सपाटीवर चार पावलं चालून धाप लागते, रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागतं, छातीत भरून येतं किंवा पायांवरची सूज वाढतेय, यातलं एक जरी असेल तर पुढे ढकला आणि डॉक्टरांना प्रवासासाठी नाही, त्या तक्रारीसाठीच लवकर दाखवा. असलं काही नसेल तर जरूर न्या. त्याआधी फेरिटिन-टीसॅट करून घ्या, लागलं तर आयर्नचं सलाइन निघण्याच्या आठवडाभर आधी उरकू द्या. इंजेक्शन सुरू झालंच असेल तर ते बरोबर नेण्याची बहुधा गरजच पडणार नाही. आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने देतात, तेव्हा तारीख चार दिवस मागेपुढे करता येते का ते विचारा. न्यावंच लागलं तर थंड पिशवीत, पण बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवून नाही, मध्ये कापड घाला. बीपीचं मशीन आणि शेवटचे रिपोर्ट हातातल्या पिशवीत असू द्या. आणि सामान आईंना उचलू देऊ नका, 'काही होत नाही मला' म्हणाल्या तरी.